शून्य धुराची गाडी

सरांनी दोन्ही अर्ज मंगळवारीच भरून ठेवले होते. एक गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा, दुसरा गाडी स्वेच्छेने भंगारात काढण्याचा. प्रयोगाचा निकाल काहीही लागला तरी कागद तयार असावा, ही चौतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून त्यांच्या अंगात मुरलेली सवय होती. पहिल्या अर्जाबद्दल त्यांनी बायकोला सांगितले होते. दुसऱ्याबद्दल सांगितले नव्हते, कारण तिची प्रतिक्रिया काय होईल हे जाणून घ्यायला प्रयोगाची गरज नव्हती.

गाडी तिची होती. नोंदणी तिच्या नावावर, किल्ली तिच्या पर्समध्ये आणि चालवणारीही तीच. सरांना गतीचे तिन्ही नियम येत होते, गाडी चालवता येत नव्हती. गाडीला सव्वीस वर्षे झाली होती आणि यंदाच नवा नियम आला होता. पंचवीस वर्षांवरच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत असेल तर आणखी पाच वर्षांची नोंदणी; नसेल तर गाडी रस्त्यावरून कायमची बाद. सरांनी गाडीचे वय आणि इंजिनाची जात लक्षात घेऊन एक आलेख काढला होता. उत्तर आले होते चार पूर्णांक दोन.

घरातल्या यंत्रांची त्यांची एक वही होती. तारीख, घटना, कारण असे तीन रकाने. कारण सापडले नाही की ते तिथे ‘योगायोग’ लिहीत आणि अस्वस्थ होत. गाडीच्या पानावर दर वर्षअखेरीस एकच नोंद असे : ‘यंदाही ढकलावी लागली नाही. कारण : योगायोग.’ अशा अकरा ओळी झाल्या होत्या. दर दुसऱ्या शनिवारी बायको “चाकांत हवा भरून येते हो” म्हणून गाडी घेऊन जाई आणि दोन तासांनी परत येई. चार चाकांत हवा भरायला सरांच्या हिशेबाने सहा मिनिटे लागतात. उरलेली एकशे चौदा मिनिटे मैत्रिणीकडे जात असावीत, असे त्यांनी गृहीत धरले होते.

तपासणी केंद्रावर आधी खिडकीत कागद द्यायचे, मग गाडी आत न्यायची, अशी पद्धत होती. सरांनी फाइल दिली. खिडकीतल्या बाईंनी न बघता शिक्का मारला आणि टोकन पुढे सरकवले.

“आत घ्या गाडी. पेट्रोल ना?”

“पेट्रोल. सव्वीस वर्षं जुनी.”

“अरे देवा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा मान वर करून सरांकडे पाहिले. नजरेत सहानुभूती होती.

तपासणीची शेड लांबट होती. वर एक मोठा पंखा घरघरत होता, भिंतीशी पडद्याचे यंत्र आणि यंत्रातून निघालेली लांब नळी. ऑपरेटर पन्नाशीचा, जाड मिशांचा. दिवसभर धुरात उभे राहून त्याचा स्वभाव कोरडा झाला होता. बायको गाडीत बसूनच होती.

“काकू, इंजिन चालू ठेवा. मी सांगेन तेव्हा थोडी रेस द्या,” असे म्हणून त्याने गाडीच्या मागच्या बाजूचा उजवीकडचा चकचकीत पाइप हेरला आणि नळी आत सारली. पडद्यावर आकडा आला. ऑपरेटरने पडद्यावर टिचकी मारली. आकडा हलला नाही.

“शून्य,” तो म्हणाला.

“यंत्र तापलं नसेल,” सर म्हणाले.

“सकाळपासून छत्तीस गाड्या झाल्यात. काकू, रेस द्या बघू. अजून. अजून द्या!” इंजिन गुरगुरले. पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य शून्यच राहिले.

ऑपरेटरने नळी काढली, झटकली, तिच्यात फुंकर मारली आणि स्वतःची स्कूटर आणून तिला लावली. चार पूर्णांक आठ. त्याने घाईघाईने स्कूटर बंद केली, इकडेतिकडे पाहिले आणि नळी पुन्हा गाडीच्या चकचकीत पाइपात घातली. शून्य.

 रांगेतले लोक आपापल्या गाड्या सोडून पुढे आले. एका टॅक्सीवाल्याची गाडी तीनदा नापास झाली होती. त्याने पाइपाशी वाकून दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटले.

“काही नाही हो,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “वास म्हणून नाही. आमच्या घरात यापेक्षा जास्त धूर असतो.”

“काकू, पेट्रोल कुठलं भरता?” ऑपरेटरने विचारले.

“सगळे भरतात तेच,” बायको खिडकीतून म्हणाली. तिचा चेहरा मात्र उजळला होता. “बघितलंत ना अहो? आणि तुम्ही म्हणत होतात, पास व्हायची नाही म्हणून!”

सरांचे तिकडे लक्ष नव्हते. ते पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला एक बारीक आकडा वाचत होते, ज्याच्याकडे दुसरे कोणी बघत नव्हते. प्राणवायू : वीस पूर्णांक नऊ टक्के. इंजिनातून जळून आलेल्या वायूत इतका प्राणवायू असू शकत नाही. इतका तो साध्या हवेत असतो.

तेवढ्यात केबिनमधून साहेब बाहेर आले. त्यांनी आकडा पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा आकडा पाहिला आणि नकळत खिशातले हात बाहेर काढून सरळ उभे राहिले. “एकोणीस वर्षं या खात्यात आहे,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत असं काही पाहिलं नाही.”

“पाहिलं नाहीत, कारण असं होत नाही,” सर म्हणाले.

त्यांच्याकडे सगळ्यांनी असे पाहिले, जसे एखाद्या मंगल प्रसंगी शिंकणाऱ्याकडे पाहतात.

याच वेळी खिडकीतल्या बाई धावत आल्या. हातात सरांची फाइल होती. “साहेब, घोळ झालाय. या गाडीचे दोन अर्ज एकाच टाचणीत आहेत. एक नूतनीकरणाचा, एक भंगाराचा. मी दोन्हींवर शिक्का मारला. त्यात तपासणीचा आकडा शून्य गेला. कॉम्प्युटरला शून्य म्हणजे इंजिन नाही. भंगाराचा अर्ज आणि इंजिन नाही, म्हणजे त्याने गाडी निकालात काढली!”

“काढली म्हणजे?”

“चार वाजता यादी वर जाते. एकदा गेली की कागदावर गाडी मेली. नंबरसुद्धा परत मिळत नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बावीस मिनिटे झाली होती. बायको गाडीतून उतरली. तिने फाइल घेतली, दुसरा अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि खालच्या अक्षराकडे बोट दाखवले. नोंदणीच्या कागदांबरोबर तिने एका कोऱ्या अर्जावरही न वाचता सही करून दिली होती. ती सही याच अर्जाच्या तळाशी होती.

“अहो, हे तुमचं अक्षर आहे.”

“हो.”

“कधी भरलात?”

“मंगळवारी. केवळ दुसरी शक्यता म्हणून.”

“माझी गाडी तुमची दुसरी शक्यता?” ती इतक्या हळू बोलली, की टॅक्सीवाला दोन पावले मागे सरकला.

साहेबांनीच तोड काढली. अशा गाडीसाठी काहीही करायची त्यांची तयारी होती. “हे बघा, मी अधिकारात शून्याच्या जागी शून्य पूर्णांक शून्य एक लिहितो. कॉम्प्युटरला इंजिन सापडेल, गाडी पास होईल, भंगाराचा अर्ज मी फाडतो. पाच मिनिटांचं काम. आणि काकू, गाडीबरोबर एक फोटो काढू या, केंद्राच्या भिंतीवर लावायला.”

“लिहा, लिहा,” बायको म्हणाली.

“थांबा,” सर म्हणाले. “हा आकडा गाडीचा नाही.”

“अहो!”

“अगं, यात प्राणवायू वीस पूर्णांक नऊ आहे. त्यांनी गाडी तपासलेलीच नाही. या खोलीतली हवा तपासली आहे. हवा पास आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.”

“मग राहू दे की हवा! तुमचं काय जातंय? अर्ज तुम्ही करायचा, आणि गाडी वाचायला लागली की तीही तुम्हीच बुडवायची?” तिचा आवाज कापला. सरांना तो आवाज परिचयाचा नव्हता. खरा आकडा चार पूर्णांक दोन आला तर काय होईल, हे त्यांना त्या क्षणी आलेखाशिवाय समजले. तरीही त्यांनी खिशातून रुमाल काढला, जमिनीवर पसरला आणि वयाला न शोभणाऱ्या रीतीने ते गाडीच्या मागे आडवे झाले. लबाडीच्या आकड्यावर वाचलेली गाडी पाच वर्षे रोज त्यांच्यासमोर उभी राहिली असती, आणि तेवढे त्यांना सोसणारे नव्हते.

“टॉर्च द्या कुणीतरी.”

टॅक्सीवाल्याने दिला. सरांनी चकचकीत पाइपात उजेड पाडला आणि ते बराच वेळ हलले नाहीत.

“काय दिसतंय?” साहेबांनी कुजबुजत विचारले.

“जाळं. नळीने अर्धं फाटलंय. मागे कोळी बसलाय.”

“मेलेला?”

“जिवंत. चांगला गुबगुबीत आहे. या पाइपातून सव्वीस वर्षांत धूर गेला असता, तर तो इथे संसार मांडून बसला नसता.”

सरांनी आत हात घातला. पाइप वीतभर आत जाऊन संपत होता. बंपरला दोन स्क्रूंनी लावलेला, कशालाही न जोडलेला.

बायकोने कपाळावर हात मारला. “अगंबाई, तो माझ्या दादाने लावलेला! शोभेचा! दोन पाइप असले की गाडीला रुबाब येतो म्हणाला होता. खरा तो डावीकडे, खाली, गंजका. मी आत बसलेली, मला काय माहीत यांनी नळी कुठे घातली ते!”

सर आजवर गाडीच्या मागे कधी उभे राहिले नव्हते. गेल्या अकरा वर्षांत तर ढकलायची वेळच आली नव्हती.

ऑपरेटर लाजला होता. त्याने मुकाट्याने नळी डावीकडच्या गंजक्या पाइपात घातली. तीन वाजून एकेचाळीस मिनिटे. बायकोने गाडीत बसून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले आणि ती समोर भिंतीकडे पाहत राहिली. पडद्यावर आकडे धावले, डगमगले आणि थांबले.

“शून्य पूर्णांक सहा,” ऑपरेटर म्हणाला. “पास.”

“एवढंच?” टॅक्सीवाला म्हणाला. त्याने आपला टॉर्च परत घेतला. रांगेतले लोक निराश होऊन आपापल्या गाड्यांकडे गेले. साहेबांनी हात पुन्हा खिशात घातले, भंगाराचा अर्ज काढून घेण्याची सूचना बाईंना दिली आणि फोटोचा विषय न काढता ते केबिनमध्ये परतले. प्राणवायूचा आकडा आता अर्ध्या टक्क्यावर होता, म्हणजे जसा असायला हवा तसा. तो कोणी पाहिला नाही.

सर मात्र जागचे हलले नाहीत. ते पडद्यासमोर उभे राहून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. शून्य पूर्णांक सहा. सव्वीस वर्षांचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन. नवीन असताना कारखान्यातून बाहेर पडले, त्या दिवशीसुद्धा ते इतके स्वच्छ श्वास घेत नसणार. शून्य हा चमत्कार नव्हता, ती खोलीतली हवा होती. हा चमत्कार होता, आणि शेडमध्ये तो समजणारा एकटाच माणूस गाडी नापास होणार म्हणून भंगाराचा अर्ज भरून आला होता.

“बॉनेट उघडू का?” त्यांनी विचारले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याकडे परवानगी मागत होते.

ऑपरेटरही वाकला. प्लग नवे होते. एअर फिल्टर पांढराशुभ्र. एका बारीक स्क्रूवर लाल रंगाची खूण होती, पेट्रोल-हवेचे मिश्रण जुळवून झाल्यावर करतात तशी. “काकू, हे कोण बघतं?”

“गॅरेजमधला मिस्त्री शिकवतो, मी करते. आधी त्याचं बघून, मग माझी मी.” तिने बॉनेट आपटून बंद केले. “दर दुसऱ्या शनिवारी.”

“तू तर हवा भरायला जातेस,” सर म्हणाले.

“दोन तास?” ती म्हणाली. “एवढे हुशार तुम्ही, कधी विचारलंत?”

“कधीपासून?”

“अकरा वर्षं झाली असतील. त्या वेळी घाटात बंद पडली होती, आणि तुम्ही ढकलायच्या ऐवजी मला घर्षण समजावून सांगितलं होतंत. तेव्हापासून.”

चार वाजायला सहा मिनिटे असताना यादी गाडीच्या नंबराशिवाय वर गेली. नूतनीकरणाचा कागद हातात पडला. ती चालकाच्या जागेवर बसली. सर अजून मागे उभे होते, गंजक्या पाइपातून येणाऱ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या धुराकडे पाहत.

“बसताय का? नाहीतर त्या कोळ्याला पुढे बसवते. तो निदान गाडीत राहिला तरी!”

सर बसले. त्यांनी पिशवीतून वही काढली, गाडीचे पान उघडले आणि पेनाचे टोपण काढून ‘कारण’ या रकान्यातले शब्द वरून खाली एकेक करून खोडू लागले.

“काय खोडताय?”

“निरीक्षणातली चूक.”

“किती आहेत?”

“अकरा.”

तिने आरशात पाहिले, गिअर टाकला, आणि तो रकाना पूर्ण खोडून होईपर्यंत गाडी अगदी सावकाश, एकही धक्का न बसू देता चालवली.