तिसऱ्या वळणावरची वहिवाट

माणसाने रस्ता शोधून काढला तो कुठेतरी जाण्यासाठी. आडवाट शोधून काढली ती तिथे लवकर पोहोचण्यासाठी. लवकर पोहोचून करायचं काय, याबाबतचं संशोधन अद्याप चालू आहे.

पाणीपुरवठा कार्यालयातला आरेखक या संशोधनात अनवधानाने ओढला गेला. सव्वीस वर्षं नळांचे नकाशे काढणारा हा सरळमार्गी गृहस्थ. त्याच्याकडे हातात धरून खेळायचा एक जुना गेम कन्सोल होता. कंपनीने तो बनवणं वीस वर्षांपूर्वी बंद केलं, मग सुटे भाग बंद केले, मग पत्रांना उत्तरं देणंही बंद केलं. (सेल खाणं मात्र यंत्राने बंद केलेलं नाही.) अशा निवृत्त यंत्रांसाठी घरबसल्या नवे गेम लिहिणारी माणसं जगभर आहेत. या उद्योगाला होमब्रू म्हणतात. घरचे लोक त्याला वेगळं काहीतरी म्हणतात.

आरेखकाने दोन वर्षं खपून गाड्यांच्या शर्यतीचा गेम लिहिला. नाव ‘सुसाट’. एक रस्ता, नऊ वळणं, एक बोगदा, एक पूल. सगळा गेम बायकोच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतो, आणि त्यातली निम्मी जागा एकट्या पुलाने खाल्ली आहे. (पुढचा परिच्छेद पुलाबद्दल आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तो गाळला तरी गोष्ट समजते.)

पुलावर अकरा दिवे आहेत. भर उन्हात ते चालू आहेत, कारण खऱ्या पुलावरचेही असायचे. आठवा तेवढा बंद आहे. तोही खऱ्याला धरूनच. पुलाच्या टोकाला बावीस ठिपके उंचीची एक बाई छत्री उघडून उभी आहे. ती आरेखकाची आई. शाळेतून यायला त्याला उशीर झाला की ती पुलापर्यंत येऊन थांबायची. छत्री कायम उघडी, कारण एकदा मिटली की ती पुन्हा उघडायची नाही. गाडी जवळ आली की बाई हात वर करते. तो हात वर करायला आरेखकाला चार महिने लागले. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि कुणीतरी एकदा तिच्यासमोरून जावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याने गेम कार्यालयात नेला. मधल्या सुट्टीत टंकलेखिका बाई खेळत असताना त्यांना तिसऱ्या वळणावर शिंक आली. गाडी भिंतीवर गेली, भिंतीतून आरपार निघाली आणि थेट अंतिम रेषेवर उगवली. एक म्हणजे भिंत, शून्य म्हणजे मोकळी वाट, अशा तक्त्यात आरेखकाकडून एका जागी एकाऐवजी शून्य पडलं होतं. सरळ रस्त्याने शर्यतीला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागत, भगदाडातून एकतीस.

आठवड्याभरात एकोणीस सहकाऱ्यांपैकी सतरा जण भगदाडातून जाऊ लागले. उरलेल्यांपैकी एक रजेवर होता. दुसऱ्याला भगदाड सापडत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी शेजारच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. सूचना फलकावर विक्रमांची यादी लागली. साहेबांचा विक्रम एकोणतीस सेकंदांचा होता. (टंकलेखिका बाईंचा सत्तावीसचा होता, तो त्यांनी स्वखुशीने मागे घेतला.) बोगद्यापर्यंत कुणी पोहोचलं नाही, मग पुलाची काय कथा.

आरेखकाने एका रविवारी शून्याचा एक केला. सोमवारी सतरा गाड्या भिंतीवर आपटल्या. मंगळवारी अर्ज आला. ‘पूर्वापार चालत आलेली वहिवाट’ एकतर्फी बंद केल्याबद्दल त्यात खेद व्यक्त केला होता. (गेम कार्यालयात येऊन पाच आठवडे झाले होते.) अर्जावर एकोणीस सह्या होत्या, रजेवरच्या माणसाची धरून. अर्ज साहेबांना उद्देशून होता आणि पहिली सही साहेबांची होती.

“रस्ता तुम्ही काढलात, मान्य,” साहेब म्हणाले. “पण वहिवाट आमची आहे.”

“साहेब, पुढे पूल आहे. एकदा बघून तरी घ्या.”

“असेल ना. पुलाबद्दल आमची काहीच तक्रार नाही.”

“माझी आई आहे तिथे.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “त्यांना नमस्कार सांगा,” ते म्हणाले.

तीन जणांची समिती नेमली गेली. तिने शिफारस केली की भगदाड पूर्ववत उघडावं, दोन गाड्या शेजारून जातील एवढं रुंद करावं आणि तिथे बाण काढावा. हे त्याच दिवशी करून घेण्यात आलं. चौथी शिफारस अशी, की वापरात नसलेला पूल पाडून मोकळ्या झालेल्या जागेत विक्रमवीरांची नावं लिहावीत. त्या दिवशी आरेखकाला डबा गेला नाही.

सुदैवाने कुठलंही बांधकाम पाडण्यापूर्वी त्याची पाहणी करावी लागते. कार्यालयातल्या पर्यवेक्षकाने यंत्र हाती घेतलं, निघाला, आणि तिसऱ्या वळणावर सवयीने भगदाडात शिरला. दुसऱ्यांदा निघाला, पुन्हा शिरला. तिसऱ्यांदा तर त्याने स्वतःचा विक्रम मोडला. मग त्याने अहवाल दिला: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता जागेवर पूल आढळून आला नाही.’ जे नाही ते पाडता येत नाही. फाईल बंद झाली आणि पूल वाचला.

आरेखकाने हे सगळं घरी सांगितलं. त्याच्या बायकोने आजवर त्या यंत्राला हात लावला नव्हता. “द्या बघू इकडे,” ती म्हणाली. बाण कशासाठी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने तो ओलांडला. भिंतींना घासत, दोनदा उलट्या दिशेने जात, तिने चौदा मिनिटांत पूल गाठला आणि गाडी थांबवली.

“अहो, आईंची छत्री अजून उघडीच?”

आरेखकाचे डोळे भरून आले होते. पुलावरच्या बाईने हात वर केला. बायकोनेही यंत्र मांडीवर ठेवून हात वर केला.

चौदा मिनिटांची ही वेळ फलकावरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्यामुळे तिची नोंद झालेली नाही. पूल पाहिलेल्यांची एकूण संख्या आज एक आहे. तीत वाचकांना धरायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे. पुलाचा परिच्छेद गाळायचं भगदाड आम्हीच कंसात दाखवलं होतं, तेव्हा दोष कुणालाच नाही. फक्त पुलावरचा कितवा दिवा बंद आहे, तेवढं वर न बघता सांगा.