एक नर पाठवावा

एकोणऐंशी साली सात रस्त्याजवळच्या एका सरकारी हापिसात कंपूटर आला, आन आठव्या दिवशी त्याचा पडदा काळा पडला. झालं येवढंच, की साहेबांनी खुर्ची मागं सारली, खुर्चीचा पाय वायरीच्या टोकावर बसला, आन जोडाची एक पिन वाकली.

येडू वायरमन उकिडवा बसून ती पिन बघत व्हता. सात वर्सं रोजंदारीवर व्हता गडी. बापाची मेंढरं सोडून सोलापुरात आला तो कायम व्हायला. आन कायम व्हणाऱ्यांची यादी नुकतीच कंपूटरात भरली व्हती. कागदावरची मग फाडून टाकली, उगं दोन दोन याद्या कशाला म्हणून.

"साहेब, चिमटा हाय माज्याकडं," येडू म्हणला. "दोन मिनटात सरळ करतो."

"हात काढ. रोजंदारीवरच्या माणसाला सरकारी वस्तू सरळ करायचा अधिकार न्हाय."

"आन वाकडी केली ती?"

"ती कायम माणसानं केली."

येडूनं चिमटा खिशात घातला. बोलणं नियमातलं व्हतं.

हेडक्लार्क गुरुसिद्धप्पांनी मागणीपत्र लिवायला घेतलं. "येडू, ह्या तुकड्याला म्हणायचं काय?"

"नर. पिना असलेला नर, भोकं असलेली मादी. टिचबटनाला असतंय, तसंच की."

गुरुसिद्धप्पांचे कान लाल झाले. पण पत्र शुद्ध मराठीत धाडायचा हुकूम व्हता, आन ह्याहून शुद्ध शब्द त्यांना घावंना. त्यांनी लिवलं, 'या कार्यालयातील एकमेव नर वाकल्याने कामकाज पूर्णतः बंद आहे. तरी एक सशक्त नर तातडीने पाठवावा.'

"सशक्त कशाला, अण्णा?"

"मागायचाच तर चांगला मागावा की."

वरच्या हापिसानं पत्र वाचलं आन जनावरांच्या खात्याकडं लावून दिलं. खात्यानं इचारलं, 'नराची जात कळवावी.' येडूनं नऊ पिना मोजल्या, गुरुसिद्धप्पांनी 'नऊपिनी' लिवलं. उलट उत्तर आलं, 'नऊपिनी शिल्लक नाही. माडग्याळी चालेल का?' साहेबांनी 'चालेल' म्हणून सही ठोकली. न चालवावं तर मागणीच रद्द झाली असती.

सहाव्या महिन्यात ट्रकातनं मेंढा उतरला. पोपटावानी नाक, गळ्यात जावक क्रमांक. संगं कागद, 'नर यंत्रास जोडून तीन दिवसांत अहवाल द्यावा.'

"साहेब, ह्यो तर मेंढा हाय."

"नर हाय का न्हाय ते सांग."

येडूनं वाकून बघितलं. खोटं बोलावं तरी कसं? "नर हाय."

"मग जोड."

येडूनं त्याला दाव्यानं कंपूटरच्या टेबलाला बांधला. अहवाल गेला, 'नर जोडला. यंत्र व नर दोन्ही शांत आहेत.'

आता सरकारी मेंढ्याला सरकारी माणूस पायजे. जी जागा सात वर्सांत निघाली न्हवती, ती आठ दिसांत निघाली. मेंढपाळ, पद एक, कायम. लायकी, मेंढरात जल्मलेला. समद्या हापिसात तसा एकच गडी.

हुकूम हातात पडला तसा येडू चिमटा घिऊन टेबलाखाली शिरला.

"काय करतोस रं?" साहेब म्हणले.

"आता कायम झालो की साहेब. पिन सरळ करतो."

"बाहेर ये. मेंढपाळाला वायरीचा अधिकार न्हाय."

पिन आजून तशीच हाय. तुमी धाडलेला अर्जबी त्याच काळ्या पडद्यामागं हाय. 'विचाराधीन' म्हणून कार्ड आलं असंल की. चौकशीला याल तवा बाभळीच्या शेंगा घिऊन या. मेंढ्यानं मान हलवली की साहेब सही करतात. येडू शेंगा निवडून घालतो, किडक्या चालत न्हाईत.

ही लाच न्हवं बरं का. मुक्या जनावराला चारा घालणं पुण्याचं काम हाय, असं तुमीच म्हणला व्हता, मागच्या खेपंला शेंगांची पिशवी उघडताना.