केळसकरांचे चार वर्ग

सेम्बावांग उपनगरातल्या आमच्या इमारतीत राहणारे केळसकर लिफ्टमध्ये शिरले की प्रथम भिंतीवरची क्षमतेची पाटी वाचतात, नंतर आतली माणसे मोजतात आणि त्यानंतरच नमस्कार करतात. एकदा एक माणूस जास्त भरला, तेव्हा ते स्वतः बाहेर पडून जिन्याने वर आले. आत राहिलेल्यांत मी होतो. लिफ्ट सुरळीत वर पोहोचली, याबद्दल त्यांनी मला अद्याप क्षमा केलेली नाही.

ही खोड नोकरीतली. युरोपात विकायच्या सहलीच्या नौकांना तिथल्या कायद्याने सुरक्षिततेचा वर्ग घ्यावा लागतो. ए म्हणजे महासागर, बी म्हणजे किनाऱ्यापासून दूरचे पाणी, सी म्हणजे किनाऱ्यालगतचे, आणि डी म्हणजे तळी-कालवे. किती वाऱ्यात आणि किती उंच लाटेत नौका टिकेल, यावर वर्ग ठरतो व तशी पाटी नौकेवर बसवतात. वाऱ्याचा जोर अंकांत मोजतात; बीची हद्द आठ, सीची सहा. आमच्या भागात बांधलेल्या अशा नौका सर्व्हेअर म्हणून तपासण्यात केळसकरांची हयात गेली. निवृत्तीनंतर नौका उरल्या नाहीत, म्हणून त्यांनी माणसे तपासायला घेतली. आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा "सी, पण अध्यक्ष बोलायला उठले की बी." माझी तक्रारीची पत्रे वाचून त्यांनी मला ए दिला: "तुम्हाला वादळाशिवाय करमत नाही."

"आणि मी हो?" त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी एकदा विचारले.

"तुझी चाचणी अजून चालू आहे."

"संसार संपत आला की!"

या थट्टेत एक नाव मात्र कधी येत नाही. ते त्यांच्या मुलाचे, निखिलचे.

निखिलने खाडीपलीकडच्या जोहोरमध्ये लहानसा कारखाना काढून स्वतःच्या आराखड्याची शिडाची नौका बांधली. आयर्लंडच्या गिऱ्हाइकांना ती बी वर्गात हवी होती. तपासणी नेमकी केळसकरांच्या टेबलावर आली. कललेली नौका पुन्हा सरळ होण्याचा हिशेब बी वर्गाला किंचित कमी पडत होता. तळाशी वजन वाढवून फेरचाचणी देता आली असती. परक्या कारखानदाराला केळसकर तशी मुदत नेहमी देत. मुलाला दिली नाही. घरचा म्हणून सांभाळून घेतले, असे कोणी म्हणू नये! सी वर्गाचा शेरा मारून त्यांनी फाइल बंद केली. गिऱ्हाइके गेली, कारखाना बुडाला, आणि निखिल ती एकुलती एक नौका जहाजावर चढवून आयर्लंडला निघून गेला. तेव्हापासून तो वडिलांशी बोलत नाही.

हे मला कळले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. "केळसकर, घरच्या प्रकरणात आपण निवाडा द्यायचा नसतो, हा न्यायाचा पहिला नियम! फाइल दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती. आणि परक्याला जी मुदत देता, ती मुलाला नाकारणे हासुद्धा पक्षपातच आहे!"

मला वाटले, आता जुंपणार. ते शांतपणे म्हणाले, "मान्य. अपील कुठे करायचं, तेवढं सांगा."

आयुष्यभर कलमे पाठ केलेला मी त्या रात्री त्याचे कलम शोधत बसलो.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. आत मालतीबाई निखिलशी फोनवर बोलत होत्या. फोनवर तळहात दाबून त्या बाहेर आल्या.

"अहो, उद्या नौका घेऊन निघतोय तो. वाऱ्याचं विचारतोय."

"मला?"

"'हॉलमधल्या सर्व्हेअरला विचार' म्हणाला."

केळसकरांनी चष्मा शोधला नाही, की काही उघडून पाहिले नाही. आयर्लंडच्या कोणत्या किनाऱ्यावरून, हेही विचारले नाही. "सकाळी जोर पाच, दुपारनंतर सात," ते ताडकन म्हणाले. "सीची हद्द सहा. म्हणावं, जाऊ नकोस."

मालतीबाईंनी ते फोनमध्ये शब्दशः सांगितले. क्षणभर ऐकून घेतले आणि मान हलवली. "बरं म्हणाला. नाही जात."

"ऐकलं की हो त्यानं तुमचं!" मी म्हणालो. मला खरोखरच आनंद झाला होता.

केळसकरांनी कप खाली ठेवला.

"मुदत दिली असती," ते म्हणाले, "तर उद्या जाता आलं असतं त्याला."