जेवून लठ्ठ झालेले पाच आवाज

माझ्या नातीच्या रिळातले पाच आवाज आमच्या घरी जेवून जेवून लठ्ठ झाले आणि एका मिनिटात मावेनासे झाले.

नात म्हणजे शाल्मली, माझ्या दत्तूची मुलगी. कॉलेज संपल्यावर तिने ठरवलं की आपण आवाजाचं काम करायचं. जाहिरातीत दिसते एक बाई आणि बोलते दुसरीच, कार्टूनमधला हत्ती बोलतो तेव्हा आत कुणीतरी माणूस असतं, ते काम. त्यासाठी आपले वेगवेगळे आवाज एकामागून एक भरून स्टुडिओला नमुना म्हणून पाठवायचे असतात. त्याला ती डेमो रील म्हणते, मी रीळ म्हणते. आमचं शिरवळचं घर रस्त्याला लागून. ट्रक दिवसभर चालू. म्हणून ती गोधड्यांच्या कपाटात बसून आवाज काढायची. गोधड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. काम झालं की दार उघडून ती बाहेर यायची आणि तिच्या मागोमाग आवाजही यायचे. ते मग घरातच राहिले.

साबणाची जाहिरात करणारी बाई, बातम्या देणारे गृहस्थ, एक राक्षस, एक ससा आणि एक म्हातारे. दिसायला काही नव्हतं, आवाज कुठे दिसतो. पण कोण कुठे बसलंय ते बोलल्यावर कळायचं, आणि राक्षस बसायचा ती खुर्ची आम्ही त्याला सोडून दिली होती. म्हातारे किती वर्षांचे, असं मी शाल्मलीला विचारलं. "बहात्तर धरलेत मी," ती म्हणाली. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यामुळे त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घ्यायला लागले.

घरी आलेल्याला जेवलात का असं आम्ही विचारत नाही, पान मांडतो. मी पाच पानं जास्तीची मांडली. आवाज जेवतात ते देव नैवेद्य घेतो तसं. ताटातलं काही कमी होत नाही, चव तेवढी जाते. मग ते अन्न आम्ही खायचो. दुसऱ्याच दिवशी माझी सून सुलभा म्हणाली, "आई, भरल्या वांग्याला काहीच लागत नाहीये."

"पाहुण्यांना लागलं ना," मी म्हटलं, "झालं तर."

महिनाभराने शाल्मलीने रीळ पुण्याच्या एका स्टुडिओला पाठवलं. तिथल्या कारखानीस बाईंचा फोन आला. शाल्मलीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"तुमचं रील चार मिनिटांचं आहे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मी एक मिनिटाचं केलं होतं."

"मग वाढलंय. एका मिनिटापुढे आम्ही ऐकत नाही. साबणवाल्या बाई एवढ्या हसतात कशाला? बातम्यांचे गृहस्थ नमस्कारातच दमतात. आणि त्या म्हाताऱ्यांना दर वाक्याआधी खोकला येतो, डॉक्टरला दाखवलंय का?"

"नाही."

"बघा काय ते. गणपतीच्या आत पुन्हा पाठवा. जागा एकच आहे."

फोन ठेवल्यावर दत्तू म्हणाला, "माझं म्हणणं तुला माहीत आहे." त्याचं म्हणणं घरात सगळ्यांनाच माहीत होतं. गावातल्या पतसंस्थेत त्याने शब्द टाकून ठेवला होता. गणपती उठेपर्यंत शाल्मलीने नोकरी लागलेली दाखवायची, नाहीतर पतसंस्थेच्या काउंटरवर बसायचं.

"आजी, तिथे जन्मभर मी 'पुढचे या' एवढंच म्हणत बसेन," शाल्मली मला म्हणाली. ती रडली वगैरे नाही. कपाटाच्या कडेवर बसून गोधडीचा दोरा ओढत राहिली.

संध्याकाळी आवाजांना बोलावून परिस्थिती सांगितली. बातम्यांच्या गृहस्थांनी घसा साफ केला. "नमस्कार. सध्या हाती आलेल्या माहितीनुसार लांबीवाढीचा हा प्रकार सर्वांच्याच बाबतीत घडला असून, त्यास सकस आहार कारणीभूत असल्याचं समजतं. याबाबत अधिक—"

"माझं नाव घ्या ना सरळ," मी म्हटलं. "मीच वाढते."

"मग नका वाढू, आजी," शाल्मली म्हणाली. "गणपतीपर्यंत फक्त."

हे मला जमणारं नव्हतं. घरात पाचजण बसलेले असताना आपण भाकरी मोडायची, हे मी कधी केलं नाही. पण उपासाला कुणाची ना नसते. दोन दिवसांवर एकादशी होती. मी म्हटलं, एकादशीने सुरुवात करू, पुढे आठ दिवस उपासच चालू ठेवू. आवाजांनी मान्य केलं. राक्षसाने विचारलं की उपासाला शेंगदाणे चालतात का. चालतात, मी सांगितलं.

मग मी साबुदाण्याची खिचडी केली, वरून ओलं खोबरं. वरईचा भात, दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी जिरं-मिरची घालून. रताळ्याचे काप तुपात. राजगिऱ्याचे लाडू सुलभाने वळले. पाहुणे दोन दोनदा मागून जेवले. आठ दिवसांनी शाल्मलीने पुन्हा सगळ्यांना कपाटात घेऊन मोजलं, तर रीळ सात मिनिटांवर गेलं होतं. सशाला नुसतं "मी ससा" म्हणायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागत होता.

"एकादशी अन् दुप्पट खाशी," सुलभा म्हणाली. "आई, तुम्हाला कळायला हवं होतं."

हवं होतं, खरं. माझ्याही अंगावर उपास कधी दिसला नव्हता.

मग म्हातारे बोलले. ते सहसा बोलत नसत. आधी खोकले, मग म्हणाले, "वहिनी, बसून खाणारा माणूस सुटतोच. आम्हाला काम द्या."

हे बरोबर होतं. पाहुण्याला काम सांगू नये अशी रीत आहे, पण पाहुण्याने स्वतः मागितलं तर नाही म्हणू नये अशीही आहे. मी दुसऱ्या दिवसापासून कामं वाटून दिली.

साबणाच्या बाईंना भाजीवाल्याकडे लावलं. पहिल्या दिवशी त्या गाडीपाशी जाऊन हसल्या आणि म्हणाल्या, "ताजेपणाचा नवा अनुभव, खास तुमच्या कुटुंबासाठी." भाजीवाला, त्याचं नाव यासीन, म्हणाला, "ताई, घ्यायचं काय ते बोला, मागे गिऱ्हाईक थांबलंय." चार दिवसांत त्यांचं हसणं गळून गेलं. "दोडका जून आहे. दुसरा काढ," एवढंच म्हणायच्या, आणि यासीन दुसरा काढायचा.

बातम्यांच्या गृहस्थांना नळाचं काम दिलं. आमच्या आळीत पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो. आलं की हाळी घालायची. सुरुवातीला ते नमस्कारापासून धरायचे आणि बातमी पुरी होईपर्यंत पाणी गेलेलं असायचं. बायका दारात येऊन त्यांना बोलल्या. मग ते "पाणी आलं" म्हणायला लागले, आणि त्या दोन शब्दांत पाणी किती आलंय, किती वेळ टिकेल, तेही कळायला लागलं.

राक्षस गच्चीवर कबुतरं हाकलायचा. गर्जना करकरून त्याचा घसा बसला, कबुतरं वाळवणातून हलली नाहीत. शेवटी दमून तो हळूच म्हणाला, "जा." सगळी उडाली. सुलभाच्याही हातातली परात खाली पडली.

सशाला शेजारच्या दीड वर्षाच्या ओवीला जेवताना गोष्ट सांगायला बसवलं. ती तोंड उघडते क्षणभर. तेवढ्यात काय सांगायचं ते सांगावं लागतं, नाहीतर घास खाली. ससा पंधरवड्यात अगदी चुटका झाला.

म्हातारे माझ्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसायचे. म्हणजे मी सोलायची, ते बोलायचे. एकदा मी पदर सावरून विचारलं, "पाहुणे, खोकला खरा आहे का?"

"पोरीने म्हाताऱ्याला लावून दिलाय," ते म्हणाले.

"मला दम्याचा खराच आहे. पण बोलायचं असलं की मी तो दाबते. नाहीतर लोक पाणी आणायला उठतात आणि आपलं सांगायचं राहून जातं."

नंतर ते बोलले तेव्हा खोकले नाहीत. नुसते थांबले. त्या थांबण्याने माझा हात शेंगेवरच राहिला.

जेवायला मी सगळ्यांना रोजचंच वाढत होते. पण कष्टाचं अन्न अंगी बसत नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी शाल्मलीने रीळ भरायला घेतलं. पुढे कोणी उभं राहायचं यावरून कपाटात कुरबूर झाली. सगळ्यात चांगला आवाज पुढे असावा असा नियम असल्याचं बातम्यांच्या गृहस्थांनी निदर्शनास आणलं, आणि आपण तयार आहोत असंही सांगितलं. "आजी, तुम्ही सांगा," शाल्मली आतून म्हणाली. मी म्हटलं, पहिली पंगत लेकरांची. मग ससा पुढे, मग बाई, मग बाप्ये, आणि घरचे वडील सगळ्यांचं झाल्यावर. सगळे तसे रांगेत लागले. रीळ एका मिनिटाच्या आत बसलं.

गौरी जेवल्या त्या दिवशी कारखानीस बाईंचा फोन आला.

"शेवटपर्यंत ऐकलं," त्या म्हणाल्या. "लहान होतं म्हणून ऐकून झालं. आम्हाला म्हातारे हवेत. सोमवारपासून पाठवा."

दत्तू पुढे झाला. "आणि शाल्मलीला?"

"त्यांना यावंच लागेल. म्हाताऱ्यांना तोंड नाहीये ना."

दत्तू माणूस वाईट नाही, पण शब्दाला धरून चालतो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "म्हणजे नोकरी यांना लागली. हिला नाही लागली. ठरलं होतं हिच्या नोकरीचं. हिने पतसंस्थेत जावं, हे जातील पुण्याला."

"बाबा, ते माझ्याशिवाय कसे जातील?"

"ते त्यांनी बघायचं."

शाल्मली भिंतीला टेकली. साबणाच्या बाई काही म्हणणार होत्या, सुलभाने त्यांना हाताने थांबवलं. तेव्हा म्हातारे थांबले, म्हणजे बोलण्याआधी थांबतात तसे. मग म्हणाले, "दत्तात्रेय, या वयात मी एकटा रोज एसटीने जाऊ का?"

दत्तूला दत्तात्रेय म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. तो उभा राहिला. "नाही, तसं नाही," तो म्हणाला.

"सोबत लागेल मला. पोर बरोबर दे. पतसंस्थेत दुसरं कुणी बसेल."

वडीलधाऱ्या माणसाने तोंडावर सांगितल्यावर आमच्यात नाही म्हणत नाहीत. दत्तूने संध्याकाळी पतसंस्थेत जाऊन शब्द परत घेतला.

सोमवारी मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. शाल्मली एसटीत खिडकीशी बसली, मी खाली खिडकीपाशी उभी राहिले. कंडक्टर आला तेव्हा तिने बायकांचं अर्धं तिकीट मागितलं, आणि म्हातारे म्हणाले, "मला ज्येष्ठांचं अर्धं दे, बाळ."

"ओळखपत्र?" कंडक्टर म्हणाला.

"ऐकून कळत नाही?"

कंडक्टरने क्षणभर ऐकलं आणि दोन अर्धी तिकिटं काढून दिली. जागा त्यांना एकच लागली.