मनोरा चौदा वेळा पडला त्याची हकीकत

ज्याच्या मस्तकी ढग टेकतात आणि ज्याच्या पायाशी सकल प्रजा दाखल्यांसाठी रांग धरते, त्या मनोऱ्यास आधी मुजरा, मग लेखणीस शाई. शके अठराशे नव्वद, कीलक नाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेस एका नगराच्या दरबाराने (नगराचे नाव लिहीत नाही, राहणाऱ्यांस ठाऊक आहे) आपल्या कारभारासाठी बत्तीस मजल्यांचा मनोरा उभा केला. तत्पूर्वी नगरात चार मजल्यांवर इमारत नव्हती. मग मनोरा ऐसा उठला की वर पाहता टोपी मागे पडावी, आणि बहुतांच्या पडल्याही. जन्माची नोंद अकराव्या मजल्यावर आणि मृत्यूची बाराव्यावर, म्हणोन हयातीत एकदा तरी तेथे चढला नाही ऐसा माणूस नगरात सापडणे कठीण. या लेखकाचा दाखला तेथेच आहे, नावात चूक आहे, परंतु ते असो.

मग सिनेमावाल्यांची नजर मनोऱ्यावर गेली. त्यांनी पहिला खेळ काढिला, त्यात समुद्रातून ताडाएवढी घोरपड निघाली आणि नगरात शिरली आणि शेपटीच्या एका तडाख्याने तिने मनोरा भुईस मिळविला. थेटर खच्चून भरले होते. मनोरा पडताच हाहाकार जाहला आणि समस्त प्रेक्षक चपला टाकून बाहेर धावले, आणि पायऱ्यांवरून पाहतात तो मनोरा जागच्या जागी उभा! तेव्हा थोर थोर माणसे रडली. दाराशी तिकिटे फाडणाऱ्या अनसूयाबाई परीट, तेव्हा ऐन विशीतल्या, मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, उभा आहे की!" मग सर्वांनी तेच म्हटले आणि मुजरा केला आणि उरलेला खेळ पाहावयास आत गेले. तेथून रिवाज पडला. मनोरा पडला की खेळ थांबवावा, सर्वांनी बाहेर यावे, "उभा आहे" म्हणावे, मगच पुढची रिळे फिरावी. पुढे मनोरा पुरात पडला, उल्केने पडला, एकदा तर प्रचंड खेकड्याने नांगीत धरून उपटला, ऐसा एकंदर चौदा वेळा पडला. जितका पडला तितकी कीर्ती वाढली. पेढ्यांच्या खोक्यांवर मनोरा, लग्नपत्रिकेत गणपतीच्या खाली मनोरा, आणि खेळ यावयाचा असता भिंतीभिंतीवर "मनोरा पडणार!" ऐसे कागद लागत आणि प्रजा दिवस मोजू लागे.

पुढे दादासाहेब नगरपती जाहले. स्वारी कर्तबगार, परंतु मनोऱ्यात पाऊल ठेविताच घाम फुटे, आणि कचेरी त्यांनी तळमजल्यावर आणविली. तपासनिसांनी खांब ठोकून सांगितले की आणखी शंभर वर्षे भय नाही, ते ऐकेनात. मग हुकूम सुटला की माघ शुद्ध दशमीस मनोरा पाडण्यात येईल, आणि भिंतीभिंतीवर कागद लागले. प्रजेने कागद वाचिला आणि आनंद मानला की पंधरावा खेळ येतो. एकानेही तक्रार केली नाही! या लेखकानेही नाही, हे लाजेने लिहितो.

एकटा केरबा लोहार मात्र समजला. हा मनोऱ्याच्या लिफ्टवर एकतीस वर्षे चाकरीस. कित्येक बाळांचे बाप त्याने अकराव्यावर हसत नेले आणि त्याच माणसांस पुढे बाराव्यावर मुक्याने नेले, आणि स्वतःच्या बायकोच्या दाखल्यास एकटाच वर गेला. मनोरा गेला तर आपल्या जन्माचे काय उरले, ऐसे त्यास जाहले.

दशमीस सकाळी लोखंडी गोळ्याचे यंत्र येऊन उभे राहिले आणि लाखभर प्रजा चटया आणि भडंग घेऊन पाहावयास जमली. केरबा दारात हात पसरून ओरडला, "अरं, हे खरं हाय! खरंच पाडायला लागल्यात!" लोक टाळ्या वाजवून म्हणाले, "वा केरबा! सिनेमात काम मिळालं व्हय तुला?" मग गोळा फिरला आणि पहिल्या मजल्याची एक खिडकी चौकटीसकट खाली आली. प्रजेने किंकाळी फोडली आणि रिवाजाप्रमाणे समस्त उठले, बाहेर जाऊन पाहावे म्हणोन. उठले आणि तेथेच खिळले. सत्तरी ओलांडलेल्या अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई. आपण तर बाहेरच आहोत." आणि मग बाई काठी टेकीत मनोऱ्यात शिरल्या, आणि त्यांमागे शेजारीण, आणि मग दुसरे, आणि मग सारेच, आणि केरबा लिफ्ट भरभरून वर नेऊ लागला आणि बत्तीसही मजल्यांच्या खिडक्यांत माणसांची तोंडे दिसू लागली. यंत्रवाल्याने हात जोडून यंत्र बंद केले.

दादासाहेब धावत आले, पागोटे सुटलेले, डोळ्यांत पाणी. "बाहेर या रे! पडेल तो! मी पाहिलाय पडताना!"

केरबा खाली होता. त्याने विचारले, "कुठं बघितला, साहेब?"

"थेटरात. घोरपडीचा खेळ. सात वर्षांचा होतो मी."

"मग बाहेर पायऱ्यांवर न्हाई आला?"

"मामानं उचललं आणि मागच्या दारानं घरी नेलं."

तेव्हा केरबास उमगले. एवढे थोर पुरुष, पन्नास वर्षे त्यांच्या मनात मनोरा पडलेलाच होता. मग त्याने नगरपतीचा हात धरिला, हे दरबारी रीतीस सोडून होते तरी धरिला, आणि त्यांस आवाराबाहेर रस्त्यापलीकडे नेले आणि म्हणाला, "आता मागं फिरा, साहेब. आणि वर बघा." दादासाहेब फिरले. वर पाहता पाहता पागोटे पुरते गळून पडले, ते त्यांनी उचलले नाही.

हुकूम त्याच दिवशी मागे घेतला आणि खिडकी पुन्हा बसविली. पुढल्या साली पंधरावा खेळ आला, त्यात मनोरा मुंग्यांनी पाडिला. अनसूयाबाईंनी दार उघडिले, तो सर्वांआधी पायऱ्यांवर जाऊन पोचले ते दादासाहेब, आणि लहान मुलासारखे मोठ्याने ओरडले, "उभा आहे!" बाकी सर्वांनी त्यांच्या मागून म्हटले. पाहिले तैसे लिहिले. पंधरा वेळा पडला, उभा आहे.