हलत कोण होतं?

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीला पोचा पडला, की लोक आधी गायकवाड मॅडमना फोन करतात; विमा कंपनीला नंतर. मॅडम लिफ्टने खाली येतात, चष्मा काढून केसांत खोचतात आणि डोळे मिटून पोच्यावरून बोटं फिरवतात, डॉक्टर पोट दाबून बघतात तशी. भोवती दोन गाड्यांचे मालक एकमेकांची खानदानं काढत असतात. मॅडमना त्यातलं काही ऐकू येत नाही. बोटं थांबली, की त्या डोळे उघडून एकच प्रश्न विचारतात, "आधी सांगा, हलत कोण होतं?"

उभ्या गाडीची चूक नसते, हा त्यांचा पहिला नियम. दोन्ही हलत असतील तर सरळ जाणाऱ्याचा हक्क आधी. जागेतून बाहेर निघणाऱ्याने थांबायचं. आणि दोघंही एकाच वेळी मागे येत असतील, तर दोघांनी घरी जाऊन आरशात बघायचं, कारण गाडीच्या आरशात बघितलेलं नसतं. विमा कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात मोटार क्लेमच्या टेबलावर एकतीस वर्षं काढलेली बाई. वाद घालायची आमची टाप नसते.

मी एकदा घातलेला. माझ्या गाडीच्या डाव्या दारावर लांबच लांब ओरखडा दिसला. डावीकडे म्हात्रेशेठची गाडी असते. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी त्यांच्या घरची भातशेती, त्यामुळे म्हात्रेशेठ गाडी लावतात तीही शेतात बैल बांधल्यासारखी. संशयाला जागाच नव्हती. माझी बायको नीता तर तीन दिवस म्हात्र्यांच्या नावाने बोटं मोडत होती.

हे म्हात्र्यांचंच काम म्हणून मी मॅडमशी वाद घातला. त्यांनी बोटं फिरवली. म्हणाल्या, "सावंत, ओरखडा पुढून मागे गेलाय. रंगाची साल मागच्या टोकाला गोळा झालीय. म्हणजे तुमची गाडी पुढे चालली होती." मग नखाने थोडी पूड काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. पांढरी आणि तांबडी. "चुना आणि गेरू. म्हात्र्यांनी गाडीला गेरू लावलाय का?"

माझ्या सासूबाई कोपरला राहतात. त्यांच्या बिल्डिंगच्या गेटचे खांब नुकतेच चुना-गेरूने रंगवलेले, आणि रविवारी गाडी घेऊन तिकडे एकटी गेलेली ती नीता. मी वळून बघितलं, तर गॅसवर दूध ठेवलंय म्हणत ती लिफ्टमध्ये शिरलेली. शिवाय मॅडमनी मला सल्ला दिला, की एवढ्याशा ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका, क्लेम न केल्याची सूट हातची जाईल. त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त आहे. पत्रा जे बोलतो ते ऐकू येणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण त्यांचं खरं मोठेपण मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

एका सकाळी म्हात्रेशेठच्या नव्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला सापडला. तिथला कॅमेरा कधीचा बंद पडलेला. आमचा वॉचमन बबन पहाटे गाड्या धुतो, आणि म्हात्रेशेठची किल्ली त्याच्याकडेच असते. त्याने धुवायला गाडी मागे घेतली आणि खांबावर आपटली, असं कमिटीने दहा मिनिटांत ठरवून टाकलं. बबन पन्नाशीचा, गावी दोन मुली. तो नाही नाही म्हणत होता, पण त्याचं ऐकतंय कोण. संध्याकाळपर्यंत त्याला काढायचं ठरलं.

मॅडम खाली आल्या. फुटलेल्या दिव्याचे लाल तुकडे त्यांनी वेचले नाहीत, नुसते बघितले. सगळे तुकडे दिव्याच्या बरोबर खाली पडलेले. खांबाजवळ एकही नाही. म्हणजे ही गाडी उभी होती, हलत दुसरं कुणी होतं. बबन सुटला, असं मला वाटलं. पण कमिटीला गुन्हेगार हवा होता. मॅडमनी दिव्याची जमिनीपासूनची उंची वितीने मोजली आणि समोरच्या रांगेतली एकेक गाडी त्याच वितीने मोजत निघाल्या. आम्ही मागोमाग. एका जुन्या पांढऱ्या गाडीपाशी त्या थांबल्या, वाकल्या, काही वेळ तशाच राहिल्या. मग हात पदराला पुसून म्हणाल्या, "उद्या सांगते. तोवर बबनला कुणी हात लावायचा नाही."

उद्या सांगते, हे शब्द आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

ती गाडी कानिटकर काकांची होती. वय एकोणऐंशी. काकूंचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, आणि काका स्वतः त्यांना घेऊन जातात. परतताना रिक्षाचे धक्के काकूंना सोसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच खाली आले. सगळ्यांसमोर, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "माझी चूक आहे. मागे घेताना लागली असणार. मला कळलंसुद्धा नाही." नंतर त्यांनीच मला सांगितलं, की आदल्या संध्याकाळी मॅडम येऊन चहा घेऊन गेल्या. काकूंची चौकशी केली, आणि निघताना दारात एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गाडीला मागे लाल प्लॅस्टिकचा कण चिकटलाय. मी तो काढलेला नाही. तुम्ही बघा."

म्हात्रेशेठ भडकतील म्हणून आम्ही तयारीत होतो. ते उलट कसनुसे झाले. "काका, तुम्ही कशाला खाली आलाव? मना वर बोलवायचा ना." आणि खिशातून क्लेमचा फॉर्म काढून त्यांनी मॅडमपुढे धरला. मॅडमनी तो घेतला नाही. "फॉर्म नंतर. आधी बबनला सांगा." म्हात्रेशेठ गेटपर्यंत चालत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण बबनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं ते दिसलं. त्यानंतर मॅडमनी फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात जे घडलं तेच लिहिलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

काकांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, की गाडी विकून टाका. आम्हालाही ते पटत होतं. रस्त्यावर काका अजून व्यवस्थित चालवतात; पण मान वळत नाही आणि कानाला यंत्र, त्यामुळे मागे घेताना अंदाज लागत नाही.

पुढच्या आठवड्यात मला कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनला लवकर जायचं होतं. साडेसहाला पार्किंगमध्ये उतरलो, तर कानिटकरांची गाडी मागे येत होती आणि डिकीवर तळहात ठेवून मॅडम तिच्याबरोबर एकेक पाऊल मागे सरत होत्या. एक थाप, म्हणजे येऊ द्या. दोन थापा, म्हणजे थांबा. थाप काकांना सीटमधून जाणवते, ऐकू यावी लागत नाही. काकू पुढच्या सीटवर शाल घेऊन डोळे मिटून बसलेल्या. गाडी वळून सरळ झाली, मॅडमनी डिकीवर हात फिरवला, आणि गाडी गेटबाहेर पडली.

बबन म्हणाला, काकांनी चूक कबूल केली तेव्हापासून मॅडम डायलिसिसच्या दर खेपेला येतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार.

मी मॅडमना म्हटलं, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता, बबन करेल की.

"सावंत, एकतीस वर्षं मी चूक कुणाची ते लिहिलं," त्या म्हणाल्या. "लिहायचं, सही करायची, फाईल बंद. त्या माणसाने पुन्हा कधी गाडी हातात घेतली की नाही, ते कुणी कळवायला येत नाही."

मग खांबाजवळची प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी ओढून घेतली. गाडी परत यायला साडेअकरा वाजतात, आत घेताना जास्त चुकतं, असं म्हणाल्या. मी घड्याळ बघितलं. पाच तास होते. तोवर वर जाऊन या, असं मी सुचवलं. त्यांचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलं.

"वर जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या, आणि गेट नीट दिसेल अशी खुर्ची जरा फिरवून बसल्या.