टाकीला पांघरूण घालणारे किसनकाका

लग्न होऊन मी शिरड शहापूरला आले, त्या थंडीतली गोष्ट. शेजारचे किसनकाका आपली जाड गोधडी परसातल्या लोखंडी टाकीवर पसरत होते आणि स्वतः पोतं पांघरून कुडकुडत उभे होते. मी घाबरून आमच्या ह्यांना विचारलं, "काकांना बरं नाही का?"

"काकाला काय धाड भरली? थंडी टाकीला वाजून राहिली."

टाकी गोबरगॅसची. थंडीत शेण लवकर कुजत नाही, गॅस कमी होतो, म्हणून हे पांघरूण. नव्वदच्या दशकात गावात त्याची नवलाई होती आणि काकांना तर वेडच. आत गॅस साठून ती तरंगती टाकी वर आली की "फुगली रे फुगली!" असं सगळ्या गल्लीला ओरडून सांगत. खाली बसली की दिवसभर कुणाशी बोलत नसत. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी शेगडी पेटवून दाखवत. "धूर हाय? न्हाई. राख हाय? न्हाई. तकलीफ? बिलकूल न्हाई!" एवढं करून त्या निळ्या जाळावर शिजायचं काय, तर एकट्या माणसाचा चहा आणि खिचडी.

घरच्या म्हशींच्या शेणावर त्यांचं समाधान नव्हतं. घमेलं घेऊन ते रस्त्यानं फिरत. एकदा सरपंचांशी बोलता बोलता समोरच्या म्हशीनं शेपूट उचललं, तर काका सरपंचांना तसंच सोडून पळाले.

त्यांचं बघून आणखी गुरंवाल्यांनी टाक्या बांधल्या. काका हवेतच होते. मग एका सकाळी तांड्यावरची जमनाबाई दारात आली. रस्त्यावरचं शेण वेचून ती गोवऱ्या थापायची, त्यावर तिची चूल पेटायची. तिनं रिकामी पाटी काकांसमोर उपडी केली.

"बाबा, आमची चूल काहून इझवली?"

काका गांगरले. "म्या? म्या तं धूर बंद करून राहिलो."

"तुमच्या घरचा. आदी रस्त्यावरचं शेण कुनाचंच नव्हतं, म्हून आमचं व्हतं. आता समदं तुमच्या टाक्यात चाललं. आमाला ना गुरं, ना टाकी. रानात लाकडाला गेलं तं गार्ड हाकलतो. भाकर कशावर भाजू?"

ती पाटी उचलून गेली. त्या दिवशी टाकी चांगली वर आली होती, पण काका ओरडले नाहीत. दुपारी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "पोरी, ती बराबर बोलली का गं?"

"बराबरच बोलली, काका."

"व्हय. मलाबी तसंच वाटून राहिलं."

मग काका घरोघर फिरले. "रस्त्यावरचं तरी सोडा, ते तांड्याचं हाय." काहींनी ऐकलं, काहींनी हसण्यावारी नेलं. शेवटी काकांनी भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली, ओट्यावर शेगडी मांडली आणि स्वतः तांड्यावर जाऊन जमनाबाईला बोलावून आणलं. तिच्या आणि तिच्या जावेच्या भाकरी तेवढ्या गॅसवर निघणार होत्या. तांड्यावरच्या बाकीच्या घरांचं काय, याचं उत्तर काकांना कधीच सापडलं नाही.

ओट्यावरची शेगडी कोरी करकरीत होती. मी विचारलं, "ही नवी आणली?"

"न्हाई गं, टाकी बांधली तवाच आणली. सुनंसाठी." काका नळीकडे बघत राहिले. "पयल्या दिवाळीला आली तं चुलीच्या धुरानं लई खोकली. डोळे सुजले पोरीचे. मंग नांदेडहून आलीच न्हाई. म्हनलं, धूर गेला की लेक-सून येतील."

"कळवलं नाही का?"

"कळवलं की. लेक म्हनला, बरं झालं बाबा."

"मग?"

"एवढंच."

जमनाबाई पीठ मळत ऐकत होती. तव्यावरची पहिली भाकर तिनं निळ्या जाळावर टम्म फुगवली आणि काकांच्या हातावर ठेवली. चटके बसत होते, तरी काका ती कितीतरी वेळ तशीच धरून बसले.